तंत्रज्ञान कंपनीची वेबसाइट परिणामकारक आहे की नाही, हे कसे तपासावे?

एखाद्या तंत्रज्ञान कंपनीची वेबसाइट उघडली की ती आवडली किंवा नावडली, असे मत डोळे मिचकावण्याच्या आत तयार होते. हे किती झटपट घडते याचा अभ्यास कॅनडातील कार्लटन विद्यापीठात गिट्टे लिंडगार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या या संशोधनात लोकांना वेबपेज केवळ ५० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा विसावा भाग, दाखवण्यात आले. तरीही त्याच्या देखणेपणाबद्दल त्यांनी दिलेला कौल आणि तेच पान अधिक वेळ पाहून दिलेला कौल यांत बरेच साम्य आढळले. त्याआधी २००२ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात बी. जे. फॉग यांच्या गटाने अडीच हजारांहून अधिक लोकांना वेबसाइटच्या विश्वासार्हतेबद्दल विचारले होते. त्यांनी नोंदवलेल्या शेऱ्यांपैकी सुमारे ४६ टक्के शेऱ्यांत मांडणी, अक्षर, रंग अशा दृश्य बाबींचा उल्लेख होता.

तेव्हा दिसण्याला महत्त्व नाही, असे म्हणण्यात अर्थ नाही. अडचण अशी की बहुतेक ठिकाणी मूल्यमापन तिथेच सुरू होते आणि तिथेच संपते. नव्या वेबसाइटवर कंपनीत चर्चा होते तेव्हा रंगांवर, छायाचित्रांवर आणि बोधचिन्हाच्या आकारावर तासभर खल होतो, पण जो माणूस काही तरी जाणून घ्यायला या पानावर येणार आहे त्याला ते समजेल का, हा प्रश्न बैठक संपेपर्यंत कोणी काढत नाही. वापरसुलभतेची व्याख्या करणारे आयएसओ ९२४१-११ हे आंतरराष्ट्रीय मानक याबाबत फार नेमके आहे. ठरावीक वापरकर्त्यांना, ठरावीक परिस्थितीत, ठरावीक उद्दिष्ट किती यशस्वीपणे, किती कमी खटपटीत आणि किती समाधानाने गाठता येते, यावर वापरसुलभता अवलंबून असते, असे ते सांगते. कोणासाठी आणि कशासाठी, हे ठरवल्याशिवाय ‘ही वेबसाइट चांगली आहे का’ या प्रश्नाला उत्तरच नसते. या लेखातील पुढचे सगळे विवेचन याच एका मुद्द्याला धरून आहे.

पाहुणे किती प्रकारचे?

कपडे विकणाऱ्या वेबसाइटवर येणारा बहुतेक माणूस कपडे पाहायला आलेला असतो. तंत्रज्ञान कंपनीचे तसे नसते. तिच्या वेबसाइटवर एकाच दिवशी खर्चाला मंजुरी देणारा व्यवस्थापक येतो, ते उत्पादन प्रत्यक्ष जोडून देणारा डेव्हलपर येतो, सेवा बंद पडल्यामुळे अस्वस्थ झालेला जुना ग्राहक येतो, माहितीच्या सुरक्षिततेची खातरजमा करणारा तज्ज्ञ येतो आणि नोकरीच्या शोधातला उमेदवारही येतो. व्यवस्थापकाला हवे असते ते खर्चाचे आणि फायद्याचे चित्र. डेव्हलपरला त्या चित्रात काडीचा रस नसतो. त्याला पहिली चाचणी किती मिनिटांत चालवून पाहता येईल, एवढेच कळायला हवे असते. बंद पडलेल्या सेवेच्या ग्राहकाला दोन्हींपैकी काहीच नको असते, बिघाड आपल्याकडे आहे की कंपनीकडे, इतकेच समजले तरी त्याला पुरते.

म्हणून मूल्यमापनाची सुरुवात वेबसाइट उघडून नव्हे, तर ती बंद ठेवून करावी. कागदावर प्रश्न लिहून काढावेत आणि तेही खऱ्या ग्राहकांच्या तोंडचे असावेत. विक्री विभागाला फोनवर काय विचारले जाते, मदत विभागाकडे कोणत्या तक्रारी पुन्हा पुन्हा येतात, यातून ते सहज हाती लागतात. तीस कर्मचाऱ्यांसाठी वर्षाला किती खर्च येईल? आम्ही आज वापरत असलेल्या हिशेबाच्या प्रणालीला हे जोडता येते का? आमची माहिती कोणत्या देशातील सर्व्हरवर राहील? उद्या सेवा सोडायची ठरवली तर ती माहिती कोणत्या स्वरूपात परत मिळेल? असे आठ-दहा प्रश्न हाताशी असले की मग वेबसाइट उघडावी आणि प्रत्येक प्रश्नाचे उत्तर सापडले का, किती वेळात सापडले आणि वाटेत कुठे भरकटायला झाले, याची नोंद करावी. अशा तपासणीत शेवटचा प्रश्न, म्हणजे सेवा सोडून जाण्याचा, सहसा अनुत्तरित राहतो. जाणाऱ्या ग्राहकासाठी लिहिण्याची इच्छा कोणालाच नसते, पण येणारा सावध ग्राहक नेमके तेच वाचायला येतो.

पहिला पडदा आणि त्यावरचे एक वाक्य

मुखपृष्ठ उघडताच दिसणाऱ्या पहिल्या पडद्यावर सहसा मोठ्या अक्षरांत एक वाक्य असते, त्याखाली थोडे स्पष्टीकरण आणि एखाद-दुसरे बटण असते. या वाक्याची तपासणी जवळून करण्यासारखी आहे. समजा, तिथे लिहिले आहे, ‘आपल्या व्यवसायाच्या डिजिटल परिवर्तनाला गती देणारा पुढच्या पिढीचा एकात्मिक मंच’. यातील एकेक शब्द घेऊन पाहा. ‘डिजिटल परिवर्तन’ म्हणजे कागदी काम संगणकावर आणणे की जुनी प्रणाली बदलणे, हे कळत नाही. ‘पुढच्या पिढीचा’ म्हणजे कोणत्या मागच्या पिढीपेक्षा वेगळा, हेही सांगितलेले नाही. ‘एकात्मिक’ म्हणजे काय काय एकत्र केले आहे, ते गुलदस्त्यात आहे. हे वाक्य गोदामातील मालाची नोंद ठेवणाऱ्या कंपनीला चालेल, पगारपत्रके बनवणाऱ्या कंपनीला चालेल आणि या दोघींच्या प्रतिस्पर्ध्यांनाही चालेल.

आता त्याच जागी हे वाक्य ठेवून पाहा: ‘गोदामात कोणता माल किती उरला आहे, हे फोनवर पाहा, साठा संपत आला की पुरवठादाराला मागणी आपोआप जाईल’. यात ग्राहक कोण आहे ते कळते, त्याची अडचण कळते, उत्पादन नेमके काय करते ते कळते, आणि ज्याला गोदामच नाही तो आपण चुकीच्या ठिकाणी आलो आहोत हे ओळखून निघून जाऊ शकतो. ही शेवटची गोष्ट कंपन्यांना पचत नाही. कोणीही निसटू नये म्हणून वाक्य इतके रुंद केले जाते की ते कोणालाच नीट बसत नाही. मुखपृष्ठावरील वाक्याची साधी कसोटी अशी, की कंपनीचे नाव झाकून तिथे प्रतिस्पर्ध्याचे नाव लिहिले तरी वाक्य खरेच वाटत असेल, तर ते बदलावे.

अर्थात सगळेच पाहुणे मुख्य दारातून येत नाहीत. शोधयंत्रातून किंवा कोणी पाठवलेल्या दुव्यावरून आलेला वाचक थेट एखाद्या आतल्या पानावर उतरतो, आणि अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारे सहायक त्या पानातील मजकूर उचलून त्याचा गोषवारा परस्पर सांगतात. त्यामुळे हे पान कोणत्या उत्पादनाचे आहे, ते कोणासाठी आहे आणि केव्हा अद्ययावत केले आहे, हे प्रत्येक पानावर स्वतंत्रपणे समजले पाहिजे. महत्त्वाची माहिती केवळ चित्रात किंवा व्हिडिओत अडकवून ठेवली असेल, तर ती शोधयंत्रापर्यंत धडपणे पोहोचत नाही आणि घाईतला माणूसही ती पाहत नाही.

माग लागला पाहिजे

नव्वदच्या दशकात झेरॉक्स कंपनीच्या पार्क या संशोधन केंद्रात पीटर पिरोली आणि स्टुअर्ट कार्ड यांनी माणसे माहिती कशी शोधतात याचा सिद्धांत मांडला. जंगलातील प्राणी वासाच्या आधारे भक्ष्याचा माग काढतात, कोणत्या वाटेवर कमी श्रमांत अधिक मिळेल याचा अंदाज घेतात आणि वास विरळ झाला की ती वाट सोडतात. संगणकासमोर बसलेला माणूसही दुव्यांच्या शब्दांवरून असाच अंदाज बांधत पुढे सरकतो, असे त्यांचे म्हणणे होते. वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००८ साली केलेल्या एका विश्लेषणानुसार, सर्वसाधारण भेटीत वाचक पानावर जेवढा वेळ थांबतो, तेवढ्यात त्यातील फार तर २८ टक्के शब्द वाचून होऊ शकतात. त्यामुळे जे थोडे शब्द नक्की वाचले जातात, म्हणजे शीर्षके, मेनू, बटणे आणि दुवे, त्यांच्यावरच सगळा भार येतो.

या कसोटीवर तंत्रज्ञान कंपन्यांचे मेनू पाहिले तर त्यांतले अनेक नापास होतात. ‘सोल्यूशन्स’, ‘प्लॅटफॉर्म’, ‘रिसोर्सेस’ हे तीन शब्द जवळजवळ सर्वत्र दिसतात आणि त्यांच्या आड काय आहे, याचा अंदाज बाहेरच्या माणसाला लागत नाही. एखादा हे उत्पादन दुसऱ्या प्रणालीला जोडण्याविषयीची माहिती शोधत असेल तर ती ‘प्लॅटफॉर्म’मध्ये असेल, ‘सोल्यूशन्स’मध्ये असेल की ‘रिसोर्सेस’मध्ये, हे त्याने कसे ओळखायचे? याहून वाईट म्हणजे मेनूत उत्पादनांची कंपनीने ठेवलेली नावेच टाकणे. ती नावे आतल्या लोकांना रोज ऐकून पाठ झालेली असतात, पण पहिल्यांदा येणाऱ्यासाठी ती निरर्थक अक्षरे असतात. नावापुढे चार शब्दांत काम लिहिले तरी हा दोष निम्म्याने कमी होतो. पुष्कळदा मेनूची रचना कंपनीतील विभागांच्या रचनेची हुबेहूब नक्कल असते. ज्या विभागाची ताकद जास्त त्याला मेनूत वरची जागा मिळते, आणि ग्राहकाला मात्र कंपनीतील सत्तेची उतरंड समजून घेतल्याशिवाय साधे मदतीचे पान सापडत नाही.

किंमत लपवण्याविषयी थोडे

किमतीच्या पानावर आकडा नसून केवळ ‘आमच्याशी संपर्क साधा’ असे बटण असते, तेव्हा त्यामागे कधी कधी खरे कारण असते. मोठ्या संस्थांचे करार खरोखरच एकसारखे नसतात. मात्र अशा वेळीही किंमत कशावर अवलंबून असते, म्हणजे वापरकर्त्यांच्या संख्येवर, साठवलेल्या माहितीवर की महिन्यातील व्यवहारांवर, हे सांगायला काहीच हरकत नसते. ते न सांगता फॉर्म पुढे करणारी कंपनी वाचकाला त्याचा फोन क्रमांक देऊन अंदाज विकत घ्यायला लावते, आणि तो बहुधा प्रतिस्पर्ध्याच्या किमतीचे पान उघडतो. माझ्या मते तंत्रज्ञान कंपनीच्या वेबसाइटवर सर्वांत आधी तपासायचे पान कोणते असेल तर ते हेच. मुखपृष्ठ कंपनीला काय म्हणायचे आहे ते सांगते, तर किमतीचे पान ती ग्राहकाला काय कळू देते ते सांगते.

डॉक्युमेंटेशन हीच विक्री

ज्या कंपनीचे उत्पादन डेव्हलपर वापरतात, तिच्याबाबतीत तांत्रिक माहितीपुस्तिका, म्हणजे डॉक्युमेंटेशन, हा वेबसाइटचा कोपऱ्यातला भाग नसतो. अनेकदा खरेदीचा निर्णय तिथेच होतो. ऑनलाइन पेमेंटची सेवा देणाऱ्या स्ट्राइप या कंपनीचे उदाहरण या क्षेत्रात नेहमी दिले जाते आणि ते रास्त आहे. तिच्या माहितीपानांवर एका बाजूला स्पष्टीकरण आणि शेजारीच त्याला जुळणारा कोड दिसतो, वाचकाला आपली प्रोग्रॅमिंगची भाषा निवडता येते आणि तो खात्यात लॉग-इन केलेला असेल तर त्या कोडमध्ये त्याच्याच खात्याची चाचणीसाठीची किल्ली, म्हणजे खाते ओळखणारी अक्षरमाला, आधीच भरलेली असते.

ही शेवटची सोय वरवर किरकोळ वाटते. ती नसेल तर काय होते ते पाहा. वाचक कोडचा नमुना कॉपी करतो आणि त्यात ‘तुमची किल्ली येथे लिहा’ असे लिहिलेले आढळते. किल्ली शोधायला तो दुसऱ्या टॅबमध्ये खाते उघडतो, तिथे दोन किल्ल्या दिसतात, एक गुप्त आणि एक उघड. त्यातली कोणती घ्यायची हे तपासायला तो पुन्हा माहितीपानावर येतो, चुकीची निवडतो आणि उत्तरादाखल ‘विनंती अवैध’ एवढाच संदेश येतो. दहा मिनिटे गेली, काम शून्य झाले आणि दोष उत्पादनाचा नसून पानाचा आहे हे त्याला कळण्याचा मार्ग नाही. म्हणून अशा वेबसाइटचे मूल्यमापन करताना एक मोजमाप अवश्य घ्यावे: जिने हे उत्पादन कधी वापरलेले नाही अशी व्यक्ती पान उघडल्यापासून पहिले यशस्वी उत्तर मिळवेपर्यंत किती वेळ घेते? त्याच वेळी मुद्दाम एखादी चूक करून पाहावी आणि येणारा संदेश वाचावा. काय चुकले आणि ते कसे दुरुस्त करायचे हे सांगणारा संदेश लिहिणारी कंपनी बाकीच्या गोष्टींतही सहसा काळजी घेते.

वेग म्हणजे नेमके काय?

वेगाबद्दल मोघम बोलण्याची गरज नाही, कारण त्याची मापे ठरलेली आहेत. माणसाच्या आकलनाच्या मर्यादा नील्सन यांनी १९९३ सालीच तीन आकड्यांत मांडल्या होत्या. ०.१ सेकंदात प्रतिसाद आला तर तो तत्काळ वाटतो, १ सेकंदापर्यंत विचारांची साखळी तुटत नाही आणि १० सेकंदांनंतर लक्ष दुसरीकडे जाते. संगणक शेकडो पटींनी वेगवान झाले तरी हे आकडे बदललेले नाहीत, कारण ते यंत्राचे नसून माणसाचे आहेत.

गूगलने २०२० साली ‘कोअर वेब व्हायटल्स’ या नावाने जाहीर केलेल्या निकषांत आज तीन मापे आहेत. पानावरील सर्वांत मोठा दृश्य घटक, म्हणजे मुख्य चित्र किंवा मथळा, २.५ सेकंदांत दिसावा. बटण दाबल्यावर किंवा अक्षर टाइप केल्यावर पडद्यावर २०० मिलिसेकंदांत प्रतिसाद दिसावा. हे माप मार्च २०२४ मध्ये आधीच्या एका मापाच्या जागी आले. तिसरे माप पानाच्या स्थैर्याचे, म्हणजे मजकूर अचानक किती सरकतो याचे, असून तो आकडा ०.१ किंवा त्याहून कमी असावा लागतो. त्याचा अनुभव प्रत्येकाने घेतलेला असतो: ‘रद्द करा’ हे बटण दाबायला बोट खाली येते, तेवढ्यात वर एखादी जाहिरातपट्टी उगवते, सगळा मजकूर खाली सरकतो आणि भलतेच बटण दाबले जाते.

या निकषांत एक बारकावा आहे आणि तो आकड्यांपेक्षाही महत्त्वाचा आहे. ही मापे सरासरीवर ठरत नाहीत. शंभरपैकी किमान ७५ भेटींमध्ये ती पाळली गेली पाहिजेत. कार्यालयातील वेगवान जोडणीवर आणि महागड्या लॅपटॉपवर वेबसाइट तपासणाऱ्या कंपनीला ती नेहमीच झकास वाटते. मंद नेटवर्कवर, जुन्या फोनवर तीच वेबसाइट धापा टाकत असते. संथपणाचे कारणही बहुधा कंपनीच्या स्वतःच्या मजकुरात नसते. भेटी मोजणाऱ्या, गप्पांची खिडकी उघडणाऱ्या, जाहिरातींचा माग ठेवणाऱ्या आणि प्रयोग चालवणाऱ्या बाहेरच्या स्क्रिप्ट, म्हणजे पानात घातलेले छोटे प्रोग्रॅम, एकेक करून वाढत जातात. प्रत्येक विभाग आपली एक टाकतो, काढत मात्र कोणीच नाही.

न दिसणारे वाचक

डब्ल्यूथ्रीसी या वेबची मानके ठरवणाऱ्या संस्थेने वेबवरील मजकूर सर्वांना वापरता यावा यासाठी मार्गदर्शक तत्त्वे ठरवली आहेत, त्यांची २.२ ही आवृत्ती ऑक्टोबर २०२३ मध्ये आली. नेहमीच्या आकाराची अक्षरे आणि त्यांची पार्श्वभूमी यांच्या तेजस्वितेतील गुणोत्तर त्यांनुसार किमान ४.५ असावे लागते. पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरे छापण्याची तंत्रज्ञान कंपन्यांना मोठी हौस असल्यामुळे हा नियम तिथे सहज मोडला जातो. लाल, हिरवा आणि निळा या तिन्ही घटकांचे मूल्य ११९ असलेला राखाडी रंग पांढऱ्यावर ४.४८ गुणोत्तर देतो, म्हणजे नापास होतो. तेच मूल्य एकाने कमी करून ११८ केले की गुणोत्तर ४.५४ होते आणि तो पास होतो. डोळ्यांना हा फरक दिसत नाही, म्हणूनच तो मोजावा लागतो. कोणत्याही उपकरणाशिवाय करता येणारी आणखी एक तपासणी म्हणजे माउस बाजूला ठेवून केवळ टॅबच्या कळीने संपूर्ण वेबसाइट वापरून पाहणे. आपण सध्या कोणत्या बटणावर आहोत ते दिसत नसेल, किंवा कुकीच्या परवानगीची खिडकी कळफलकाने बंदच होत नसेल, तर दृष्टिहीन आणि हात नीट हलवू न शकणाऱ्या वाचकांसाठी ती वेबसाइट दारातच संपते.

वाईट दिवशी वेबसाइट कशी वागते?

सगळे सुरळीत असताना वेबसाइट बरीच गोड बोलते. तिची खरी परीक्षा बिघाडाच्या वेळी होते. २८ फेब्रुवारी २०१७ रोजी ॲमेझॉनच्या क्लाउड सेवेतील एस-थ्री ही साठवण प्रणाली अमेरिकेतील एका विभागात काही तास कोलमडली. एक आज्ञा देताना झालेल्या चुकीमुळे ठरवल्यापेक्षा कितीतरी अधिक सर्व्हर बंद झाले होते आणि त्यावर अवलंबून असलेल्या असंख्य वेबसाइट बंद पडल्या. सेवांची स्थिती ग्राहकांना दाखवण्यासाठी कंपनीचे एक स्वतंत्र पान होते, पण ते अद्ययावत करण्याची यंत्रणाच एस-थ्रीवर अवलंबून होती. परिणामी बराच वेळ त्या पानावर प्रत्येक सेवेची खरी स्थिती दाखवता आली नाही, आणि कंपनीला ट्विटरचा व पानावर लिहिलेल्या सूचनेचा आधार घ्यावा लागला. कंपनीने नंतर हे सगळे स्वतःच्या निवेदनात मोकळेपणाने मांडले. त्यातून निघणारा निकष सरळ आहे: स्टेटस पेज मूळ सेवेपासून पूर्णपणे वेगळ्या यंत्रणेवर असावे आणि त्यावर मागील बिघाडांचा इतिहास दिसावा. वर्षानुवर्षे केवळ हिरव्या खुणा दाखवणारे स्टेटस पेज अनुभवी ग्राहकाला दिलासा देत नाही, उलट त्याचा संशय वाढवते.

सेवा सोडण्याची वाट हाही वाईट दिवसाचाच भाग. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने जून २०२३ मध्ये ॲमेझॉनविरुद्ध दावा दाखल केला, त्यात ग्राहकांना नीट संमतीशिवाय प्राइम सदस्यत्वात ओढल्याचा आणि ते रद्द करणे मुद्दाम अवघड ठेवल्याचा आरोप होता. सप्टेंबर २०२५ मध्ये हे प्रकरण २.५ अब्ज डॉलरच्या तडजोडीने मिटले. रद्द करण्यासाठी किती पाने ओलांडावी लागतात आणि नोंदणीसाठी किती, हे दोन आकडे शेजारी मांडले की कंपनीची वृत्ती वेगळी विचारावी लागत नाही.

सुरक्षाविषयक त्रुटी सापडलेल्या माणसाने कोणाला कळवायचे, हेही पाहावे. त्यासाठी ‘सिक्युरिटी डॉट टीएक्सटी’ नावाची छोटी फाइल ठेवण्याची पद्धत २०२२ साली आरएफसी ९११६ या इंटरनेटविषयक तांत्रिक दस्तऐवजात निश्चित झाली. ती ठेवायला खर्च जवळजवळ नाही.

आकडे कसे वाचावेत?

भेटींची संख्या, पानावर घालवलेला वेळ आणि एकच पान पाहून परत जाणाऱ्यांचे प्रमाण हे आकडे कोणत्याही मोजणीच्या साधनात आयते मिळतात, आणि म्हणूनच त्यांच्यावर नको तेवढी भिस्त ठेवली जाते. मदतीच्या पानावर एखाद्याने सहा मिनिटे घालवली, याचा अर्थ त्याला मजकूर आवडला असाही होतो आणि उत्तर सापडत नव्हते असाही होतो. डॉक्युमेंटेशनचे एकच पान पाहून तीस सेकंदांत निघून गेलेला डेव्हलपर बहुधा सर्वांत समाधानी वाचक असतो. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ साली चलनविषयक धोरणाच्या संदर्भात दाखवून दिले होते की एखाद्या मापावर नियंत्रणासाठी दबाव आणला की ते माप भरवशाचे राहत नाही. वेबसाइटबाबतही तेच होते. फॉर्म भरणाऱ्यांची संख्या वाढवा, असे उद्दिष्ट दिले की प्रत्येक पानावर फॉर्म उगवतात, संख्या वाढते आणि विक्री विभागाकडे खोट्या क्रमांकांचा ढीग साचतो.

दोन मांडण्यांपैकी कोणती अधिक चालते हे ठरवण्यासाठी निम्म्या पाहुण्यांना एक आणि निम्म्यांना दुसरी दाखवण्याची ए-बी चाचणी भरवशाची असते. मायक्रोसॉफ्टच्या बिंग या शोधयंत्रात जाहिरातींचे मथळे दाखवण्याच्या पद्धतीत सुचवलेला एक छोटा बदल कित्येक महिने बाजूला पडून होता. २०१२ साली त्याची चाचणी झाली तेव्हा उत्पन्न १२ टक्क्यांनी वाढल्याचे दिसले. कोणता बदल किती मोलाचा, याबद्दलचे जाणत्यांचे अंदाजही किती चुकतात हे यावरून कळते. मात्र या चाचणीला पाहुण्यांची संख्या प्रचंड लागते. समजा, १०० पैकी २ पाहुणे नोंदणी करतात आणि नव्या मांडणीमुळे ते प्रमाण २.२ वर गेले आहे का, हे पाहायचे आहे. संख्याशास्त्राच्या नेहमीच्या निकषांनुसार प्रत्येक बाजूला सुमारे ८० हजार पाहुणे लागतात. महिन्याला ४ हजार पाहुणे येणाऱ्या कंपनीला हा निकाल मिळायला तीन वर्षांहून अधिक काळ जाईल. अशा कंपनीने आठवडाभर चाचणी चालवून जाहीर केलेला विजय हा बहुतेक वेळा योगायोग असतो.

लहान कंपनीने त्याऐवजी माणसांना वेबसाइट वापरताना पाहावे. नील्सन आणि थॉमस लँडाउअर यांनी १९९३ साली मांडलेल्या सूत्रानुसार, एखादी अडचण सरासरी ३१ टक्के वापरकर्त्यांना जाणवत असेल तर पाच जणांच्या निरीक्षणातून अशा सुमारे ८५ टक्के अडचणी समोर येतात. हे सूत्र अनेकदा अर्धवट सांगितले जाते. अडचण केवळ १० टक्के लोकांना जाणवणारी असेल तर त्याच पाच जणांतून ती सापडण्याची शक्यता ४१ टक्क्यांवर येते. शिवाय पाच म्हणजे एकाच प्रकारचे पाच. दोन व्यवस्थापक, दोन डेव्हलपर आणि एक उमेदवार अशी मोट बांधून उपयोग नाही.

निरीक्षणाला बसताना आधी लिहून ठेवलेले प्रश्न त्यांना एकेक करून द्यावेत, मनात काय चालले आहे ते मोठ्याने बोलायला सांगावे आणि आपण गप्प राहावे. गप्प राहणे हेच यातले सर्वांत कठीण काम असते. समोरचा माणूस किमतीचा दुवा शोधताना ‘सोल्यूशन्स’वर जातो, थबकतो, परत फिरतो, पानाच्या तळाशी उतरतो आणि ‘हं, इथे नाही वाटतं’ असे पुटपुटतो. वेबसाइट बनवणाऱ्याची जीभ ‘वर उजवीकडे पाहा ना’ म्हणायला शिवशिवत असते. ते वाक्य तोंडून निघाले की ती फेरी वाया गेली. या तपासणीनंतर आपल्याला वेबसाइट आवडली का, असे विचारू नये. लोक भिडेपोटी हो म्हणतात. आता तुम्ही काय कराल, असे विचारावे.

सापडलेले दोष दुरुस्त झाल्यावर मूल्यमापन संपले, असेही नाही, कारण वेबसाइट आपोआप जुनी होते. उत्पादनात नवी सोय येते आणि माहितीपानावरील चित्रे जुनीच राहतात, किंमत बदलते पण तीन वर्षांपूर्वीच्या लेखात जुना आकडा तसाच असतो, ज्या ग्राहकाचे नाव अभिमानाने झळकते तो केव्हाच सोडून गेलेला असतो. यावर एक व्यवस्था बऱ्यापैकी काम करते. प्रत्येक पानाची जबाबदारी एका व्यक्तीकडे द्यावी आणि पुढील तपासणीची तारीख आतील नोंदीत लिहून ठेवावी. ज्या पानाची जबाबदारी घ्यायला कोणीच तयार होत नाही, ते पान काढून टाकावे. मात्र त्याचा जुना पत्ता मोडू नये, तो योग्य त्या नव्या पानाकडे कायमचा वळवावा, कारण कुठल्या तरी ग्राहकाच्या अंतर्गत सूचनापत्रात तोच पत्ता लिहून ठेवलेला असतो.